ऊदवाद्याची रीशा: शिंग आणि पीस यांपासून घरी घडवताना

मराठी माणसाला ऊद म्हटले की तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घातलेला ऊद आणि घरभर पसरलेला धूर आठवतो, आणि आखाती देशांत राहून आलेल्यांना अत्तराची कुपी आठवते. अरबीमध्ये मात्र ‘अल्-ऊद’ म्हणजे मुळात लाकूड, आणि सुगंधी लाकडाप्रमाणेच पेरूच्या फोडीसारख्या पोटाचे, आखूड मानेचे, पडदे नसलेले एक तंतुवाद्यही याच नावाने ओळखले जाते. कैरो, दमास्कस, बगदाद, इस्तंबूल आणि तेहरान ही त्याची खरी घरे. २०२२ मध्ये इराण आणि सीरिया यांच्या संयुक्त प्रस्तावावरून ऊद घडवण्याची आणि वाजवण्याची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. दुबई, अबुधाबी किंवा मस्कत येथून हे वाद्य विकत आणणारे मराठी वादक आता अधूनमधून भेटतात. वाद्यासोबत त्यांना तारा छेडण्यासाठी बहुधा प्लॅस्टिकची एक पट्टी मिळते आणि थोड्याच दिवसांत तिचा कोरडा टकटकाट कानाला खुपू लागतो. स्वतःची रीशा स्वतः घडवू इच्छिणाऱ्या अशा वाचकांसाठी हा लेख आहे.

ऊदच्या नखीला अरबीत ‘रीशा’ म्हणतात, म्हणजे पीस. तुर्कीत तिला ‘मिझ्राप’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्याला परका नाही, कारण सतारीची तारेची मिजराब आणि ही मिझ्राप ‘आघात करणे’ या एकाच अरबी धातूपासून आल्या आहेत. मराठीत आपण तिलाच नखी म्हणतो. अरबांनी पिसाचे नाव दिले, आपण नखाचे दिले, आणि गंमत अशी की पीस, नख, शिंग, खूर व कासवाच्या पाठीवरचे खवले हे सारे केराटिन या एकाच जातीच्या द्रव्याचे बनलेले असतात. त्यामुळे पिसाची जागा शिंगाने घेतली तेव्हा द्रव्याची जात बदलली नाही, फक्त प्राणी बदलला. केराटिन लवचीक असते, उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. रीशा घडवण्याची बरीचशी कृती या तीन गुणांवर उभी आहे.

आधी वाद्याची मागणी समजून घ्यावी

आजच्या प्रचलित ऊदला बहुधा अकरा तारा असतात, म्हणजे पाच जोड्या आणि खर्जाची एक एकेरी तार. वरच्या तारा नायलॉनच्या आणि खालच्या रेशमासारख्या बारीक धाग्यांवर तांब्याची तार गुंडाळलेल्या असतात. पूर्वी आतड्याच्या तारा वापरत. अरबी ऊदमध्ये तारेची वाजती लांबी साधारण ६१ सेंमी, तर तुर्की ऊदमध्ये साधारण ५८.५ सेंमी असते. सतार किंवा सरोद यांच्या पोलादी तारांच्या तुलनेत या तारा मऊ असतात आणि आघात झाल्यावर अधिक सरकतात. कडक नखी अशा तारेला ढकलते व सुटताना खट्ट आवाज करते. लवणारी नखी मात्र तारेबरोबर थोडी वाकते आणि मग तिला सोडते, म्हणून सूर भरीव येतो.

याच कारणाने नारळाच्या करवंटीची नखी ऊदवर चालत नाही. सरोदची जवा करवंटीची असते, आणि कोकणात वाढलेल्या कुणालाही पहिल्यांदा हेच सुचते. मलाही सुचले होते आणि त्यापायी दोन रविवार गेले. करवंटी मुळात गोलाकार असल्याने तिच्यातून दहा-बारा सेंमी लांबीची सपाट पट्टी निघत नाही, आणि पातळ केल्यावर ती लवण्याऐवजी तुटते. पोलादी तारेवर तिचा जो ताठपणा गुण ठरतो, तोच इथे दोष ठरतो.

रीशेच्या लांबीलाही कारण आहे. गिटारच्या तिकोनी पिकप्रमाणे ती बोटांच्या टोकांत धरत नाहीत. तिची शेपटी तळहातात आडवी विसावते, मिटलेली बोटे तिला सैलसर सांभाळतात, आणि आंगठा व तर्जनी यांच्यामधून तिचे टोक जेमतेम एक सेंमी बाहेर येते. मनगट आत वळलेले असते आणि आघात मनगटातून सुटतो. खाली जाणाऱ्या आघाताला ‘सद्द’ आणि परत वर येणाऱ्या आघाताला ‘रद्द’ म्हणतात. मराठीतला ‘रद्द’ याच शब्दाचा भाऊ, कारण मूळ अर्थ परतवणे असा आहे. रीशा घडवताना या परतीच्या आघाताकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण चुकलेली रीशा तिथेच अडकते.

कोणते द्रव्य निवडावे

ऊदच्या इतिहासात लाकडी नखीची जागा गरुडाच्या पिसाने घेतल्याचे श्रेय नवव्या शतकात बगदादहून स्पेनमधील कोर्दोबाला गेलेल्या झिर्याब या गायक-वादकाला दिले जाते. ही हकिकत आपल्यापर्यंत सतराव्या शतकातला इतिहासकार अल्-मक्करी याच्या लेखनातून येते, म्हणजे घटनेनंतर सुमारे आठशे वर्षांनी, तेव्हा तिच्यावर अक्षरशः विसंबू नये. पण पिसाच्या बाजूने तिथे दिलेली कारणे, म्हणजे ते बोटांना हलके लागते आणि तारा अधिक काळ टिकतात ही, आजही हातात घेताच पटतात.

तरीही गरुडाच्या किंवा गिधाडाच्या पिसाच्या वाटेला भारतात कुणीही जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या पक्ष्यांच्या अवयवांचा व्यापार गुन्हा आहे. गिधाडांची संख्या तर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे इतकी कोसळली की २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. कासवाच्या खवल्याचेही तेच आहे. तुर्की तंबूर या लांब मानेच्या तंतुवाद्याची नखी परंपरेने त्याचीच असे, परंतु ज्या समुद्री कासवाचे हे खवले, ते आज आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे. जुनी नखी वारशाने मिळाली असली तरी ती सीमेपार नेताना अडचण येऊ शकते. हरणाच्या शिंगाचा प्रश्न दोन कारणांनी निकालात निघतो: भारतात त्याचा व्यापार चालत नाही, आणि मुळात ते केराटिन नसून हाड असते, त्यामुळे ते लवत नाही.

उरतात म्हशीचे शिंग आणि पाळीव टर्की किंवा हंसाचे पीस. माझ्या मते पहिली रीशा शिंगाचीच करावी. शिंग चुका सोसते, त्याला हवी तेवढी जाडी देता येते, आणि आवाजात उजळपणा व ऊब यांचा मेळ साधतो. पिसाचा आवाज अधिक मृदू, खाजगी मैफलीला शोभणारा असतो, पण त्याचे टोक लवकर झिजते. हाड फार कडक आणि टणत्कारी वाजते. बांबू दिसायला सोपा वाटतो, परंतु त्याचे तंतू टोकाशी सुटतात आणि गुंडाळलेल्या तारेत अडकतात. तुर्कस्तानात चेरीच्या सालीची मिझ्रापही करत आले आहेत, पण ती साल आपल्याकडे सहज मिळत नाही.

शिंगाला हात लावण्याआधी साचा

शिंग विकत घेण्याआधी एका टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्टीवर स्वतःच्या हाताचे माप ठरवावे. जाड, रुंद केबल टाय यासाठी उत्तम, आणि कित्येक वादक अडीनडीला तीच रीशा म्हणून वापरतात. मूठ सैल मिटून करंगळीच्या बाजूच्या तळहाताच्या कडेपासून तर्जनीच्या पुढच्या पेरापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात एक सेंमी मिळवावा. बहुतेक हातांसाठी हे माप ११ ते १३ सेंमी भरते. रुंदी ६ ते ८ मिमी ठेवावी. पट्टी या मापाला कापून आठवडाभर तिनेच वाजवावे. शेपटी मनगटाला टोचत असेल तर ती लांब आहे, आणि वाजवताना रीशा हातात फिरत असेल तर ती अरुंद किंवा आखूड आहे.

शिंगाची निवड

शिंगाची कच्ची पट्टी चाकूच्या मुठी, बटणे आणि फण्या करणाऱ्या कारागिरांकडे मिळते. उत्तर प्रदेशातील संभल हे या कामाचे जुने केंद्र आहे. कत्तलखान्यातून कच्चे शिंग आणण्याचा मोह टाळावा, कारण कच्च्या शिंगावर, केसांवर आणि कातड्यावर अँथ्रॅक्सचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या उकळण्याने खात्रीने मरत नाहीत. प्रक्रिया केलेली, स्वच्छ, वासरहित पट्टी घ्यावी.

पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरावी. फिकट रंगाच्या शिंगातून उजेड आरपार येतो आणि बारीक चिरा केसासारख्या दिसतात. काळ्या शिंगात उजेडाचा उपयोग होत नाही, तिथे कडेवर नख फिरवून पापुद्रे सुटतात का ते पाहावे. शिंग लांबीच्या दिशेने थरांत वाढते आणि त्याच थरांत फाटते. म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की रीशेची लांबी शिंगाच्या लांबीच्याच दिशेने असावी. माझी पहिली रीशा मी नक्षी सुंदर दिसावी म्हणून आडवी कापली होती. ती अर्धा तास छान वाजली आणि मग एका साध्या आलापात मधोमध तुटली.

अखंड शिंग हाती असेल तर त्याचा पोकळ भाग वापरावा, भरीव टोक वापरू नये. भरीव टोकात थर वळलेले असतात. पोकळ भागाची भिंत उभी कापून १५ मिमी रुंदीच्या फळ्या काढाव्यात. त्या वक्र असतील, आणि त्यांना सरळ करणे ही पहिली कसोटी असते.

सरळ करणे

फळी कानशीने २ ते ३ मिमी जाडीपर्यंत आणावी, कारण जाड फळी उकळत्या पाण्यात आतपर्यंत मऊ होत नाही. मग ती पाऊण तास खळखळत्या पाण्यात ठेवावी. हे काम घरच्या स्वयंपाकाच्या पातेल्यात करू नये, वासाने घरातले सगळे विरोधात जातात. चिमट्याने फळी काढून लगेच दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये ठेवावी आणि शेगड्यात (व्हाइसमध्ये) किंवा दोन क्लॅम्पमध्ये आवळावी. पट्ट्याही आधी कोमट करून घ्याव्यात, नाहीतर शिंग मध्येच थंड होऊन चिरते. एकदम जोर लावू नये. थोडे आवळावे, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा आवळावे. पूर्ण चोवीस तास तसेच ठेवावे. घाईने काढलेली फळी दुसऱ्या दिवशी परत वळते, आणि पावसाळ्यात तर हमखास.

थेट आचेवर शिंग धरू नये. केस जळल्यासारखा वास आला की पृष्ठभाग करपला असे समजावे. करपलेला थर ठिसूळ असतो आणि तो पूर्ण घासून काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

जाडी, म्हणजे खरी रीशा

इथे वेळ द्यावा, कारण रीशेचा आवाज द्रव्यापेक्षा जाडीने अधिक ठरतो. पट्टीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की ०.८ मिमीची रीशा ०.७ मिमी केली, तर डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण ताठपणा जवळपास एक तृतीयांशाने घटेल. म्हणून व्हर्निअर कॅलिपरशिवाय हे काम करू नये, आणि शेवटच्या टप्प्यात प्रत्येक आठ-दहा घासण्यांनंतर मोजावे.

सुरुवातीला पट्टी साच्याप्रमाणे कापून सर्व लांबीभर १.२ मिमीपर्यंत आणावी. सपाट कानस बाकावर ठेवून पट्टी तिच्यावर फिरवली तर जाडी सारखी राहते, उलट पट्टी बाकावर ठेवून कानस चालवली तर कडा आधी पातळ होतात. १.२ मिमीनंतर कानस बाजूला ठेवावी आणि खरवडणीकडे वळावे. फुटलेल्या काचेची सरळ धार किंवा धारदार पात्याची पाठ उभी धरून ओढली की शिंगाचे पातळ, वळलेले सोलपट निघते. सोलपटाऐवजी भुकटी निघत असेल तर धार गेली आहे. काच वापरताना हातमोजे आणि घासताना तोंडावर मास्क असावा, कारण शिंगाची धूळ फुप्फुसांना चांगली नाही.

शेपटीला १.० ते १.२ मिमी जाडी राहू द्यावी, तिच्या वजनाने हात स्थिर राहतो. टोकाकडील शेवटच्या ३ सेंमीमध्ये जाडी हळूहळू उतरवत न्यावी आणि टोकाशी सुरुवातीला ०.८ मिमीवर थांबावे. उतार एकसारखा हवा. मध्ये कुठे पायरी राहिली तर रीशा नेमकी तिथेच वाकते आणि पुढे तिथेच तुटते. तपासण्यासाठी टोक टेबलावर हलकेच दाबून बाजूने पाहावे, वक्र रेषा एका ओघात उतरली पाहिजे, मध्येच कोपरा दिसता कामा नये.

मग वाद्य मांडीवर घ्यावे आणि त्याच अवस्थेत, बिनपॉलिशची, वाजवून पाहावी. आधी खर्जाची मोकळी तार, मग वरची जोडी, मग एकाच तारेवर सद्द-रद्द हळू आणि शेवटी वेगाने. खर्ज घुमत नसून नुसता ठोका ऐकू येत असेल तर टोक जाड आहे. वरच्या जोडीतली एकच तार वाजत असेल किंवा वेगात आघात मागे पडत असतील तर टोक पातळ झाले आहे, आणि यावर उपाय म्हणजे टोक २ ते ३ मिमीने आखूड करणे, कारण उतारामुळे मागचा भाग जाड असतो. म्हणूनच सुरुवातीला पट्टी मापापेक्षा एक सेंमी लांब ठेवण्याची सवय बरी. बऱ्याच हातांना ०.६ ते ०.८ मिमीच्या दरम्यान समाधान मिळते. तुर्की ऊदची आखूड तार आणि तिथली नाजूक अलंकारिक शैली यांना सहसा पातळ, मऊ टोक मानवते. दमदार अरबी आघाताला थोडे जाड टोक लागते. मात्र आपल्या वाद्याने आणि आपल्या मनगटाने वेगळे सांगितले तर त्यांचेच ऐकावे.

टोकाचा आकार आणि कड

टोक बदामाच्या रुंद बाजूसारखे गोल करावे. निमुळते टोक स्पष्ट पण सडपातळ आवाज देते आणि तारेत खोल घुसते. फार रुंद टोक जोडीच्या दोन्ही तारा एकत्र गोळा करते, पण परतीला अडते. दोन्ही बाजू सारख्या असाव्यात, कारण बरेच वादक रीशा उलटवून वापरतात. शेपटीचे टोकही वाजवायला वापरायचे असेल तर तेही थोडे उतरवून एक टोक मऊ आणि दुसरे कडक ठेवण्याची युक्ती फार सोयीची आहे.

कड कधीही चौकोनी ठेवू नये. २४० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंची धार मोडून ती गोलावावी आणि मग ४००, ६००, १००० व २००० असे क्रमाने जावे. १००० पासून पेपर पाण्यात भिजवून वापरावा, पण रीशा पाण्यात ठेवू नये. एक नंबर गाळला तर त्याचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात आणि गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेवर ते खरखर म्हणून ऐकू येतात. शेवटी पितळ उजळण्याच्या पॉलिशने किंवा दात घासायच्या पावडरीने फडक्यावर चोळून टोक काचेसारखे करावे. शेपटीचा तळहातातला भाग मात्र ६०० वरच थांबवावा. घामेजल्या हातातून गुळगुळीत रीशा निसटते, आणि मुंबईच्या मे महिन्यात हे कुणाला सांगावे लागत नाही.

पिसाची रीशा

पिसासाठी पाळीव टर्की किंवा हंसाच्या पंखातील सर्वांत मोठी, बाहेरची पिसे घ्यावीत. दोन्ही बाजूंचे केस कापून टाकावेत आणि दांडी रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी ती उभी चिरून आतला पांढरा भुसभुशीत गर आणि नळीतले पापुद्रे खरवडून काढावेत, कारण राहिलेला गर आवाज खातो. उघडलेली पट्टी कोमट लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबून रात्रभर ठेवावी. बोरूऐवजी पिसाने लिहिणारे युरोपीय लेखनिक पीस गरम वाळूत खुपसून कडक करत, आणि तीच युक्ती इथे चालते. लोखंडी तव्यावर बारीक वाळू तापवावी, पट्टी काही सेकंद तिच्यात रोवावी आणि काढून पाहावी. दुधी रंग जाऊन ती पारदर्शक होऊ लागली की थांबावे. पिवळी पडली तर ती जास्त भाजली आहे.

दांडीचा नळीसारखा, केस नसलेला भाग टोकाला यावा, तो सर्वांत चिवट असतो. पिसाची जाडी निसर्गाने ठरवलेली असल्याने खरवडायला फारसे काही उरत नाही, म्हणून एका वेळी पाच-सहा पट्ट्या तयार करून त्यांतली एक निवडणे शहाणपणाचे. टोक झिजले की नखासारखे कापावे आणि पुन्हा गोल करावे.

जपणूक

शिंग आणि पीस दोन्ही हवेतला ओलावा शोषतात. जुलैमध्ये कोकणात तीच रीशा मऊ वाजते आणि डिसेंबरमध्ये पुण्यात कडक, म्हणून पावसाळ्यात टोक आणखी पातळ करण्याचा मोह आवरावा. वाजवून झाल्यावर घाम पुसून रीशा दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये रबर लावून ठेवावी, नाहीतर ती वळते. महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा थेंब चोळून पूर्ण पुसावा, टोकाला तेल राहिले तर तारा चिकट होतात. केराटिन खाणारे किडे लोकरीला लागतात तसेच शिंगालाही लागतात. डबीच्या तळाशी पिठासारखी बारीक पूड दिसली, तर रीशा पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावी, म्हणजे तिच्यातल्या अळ्या मरतात, आणि डबी नीट साफ करावी. वळलेली रीशा टाकू नये: गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून, पट्ट्यांमध्ये रात्रभर आवळली की ती पुन्हा सरळ होते. मात्र त्यानंतर टोकाचे पॉलिश पुन्हा एकदा करावे लागते, कारण पाण्याने पृष्ठभागाचे तंतू उठतात.